डिसेंबरात सोलरवर सावली, एप्रिलमध्ये नव्हती. सूर्य सरकतो तरी किती?

गच्ची_सिडको

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. मार्चअखेर नाशिकच्या सिडकोतल्या घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. एप्रिल-मे एकदम झकास गेले, अ‍ॅपमधला ग्राफ सकाळी चढायचा, साडेबाराला माथा आणि मग आरामात उतार. पावसाळ्यात पडला, ते समजू शकतो. पण दिवाळीच्या मागेपुढे भर दुपारी ग्राफला खड्डा पडायला लागला, आता डिसेंबरात तर रोजचंच झालंय, एप्रिलमध्ये १४ युनिट निघायचे तिथे ७-८ वर आलोय. वर जाऊन बघितलं तर जिन्याच्या खोलीची आणि तिच्या डोक्यावर ठेवलेल्या पाण्याच्या टाकीची सावली थेट पॅनेलच्या पुढच्या ओळीवर! खोली गच्चीच्या दक्षिणेला आहे आणि पॅनेल तिच्या उत्तरेला.

बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे साहेब थंडीत सूर्य खाली जातो, निसर्ग आहे, आपण काय करणार. अरे मग बसवताना निसर्ग माहीत नव्हता का! तेव्हा तर गच्चीवर उभं राहून छातीठोकपणे सांगितलं होतं की इथे वर्षभर सावली नाही.

आता खरा प्रश्न. मुलगी सातवीत आहे, ती म्हणते पृथ्वीचा आस कलता आहे म्हणून ऋतू होतात. ठीक. पण तिनेच हेही सांगितलं की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. मग जवळ असताना आपल्याकडे स्वेटर आणि निफाडला दव गोठतं, हे कसं काय? आणि सूर्य वर्षभरात नक्की किती सरकतो, म्हणजे ही सावली कधी जाणार आणि परत कधी येणार, हे आधी काढता येतं का? घरात कोणालाच सांगता येईना म्हणून इथे विचारतोय.


इलेक्ट्रिक_भो

काय भो, मार्चमध्ये बसवलं आणि सावली बघितली मार्चमधली. सगळीकडे हेच चालतं. साइट बघायला डिसेंबरात यायला पाहिजे, पण डिसेंबरात गिऱ्हाईक कुठे असतं, बिल तर एप्रिल-मेमध्ये येतं ना एसीचं, तेव्हाच सगळ्यांना सोलर आठवतं.

बाकी एक लक्षात ठेवा, पॅनेल एकमेकांना सिरीजमध्ये जोडलेली असतात, त्यामुळे एक-दोन पॅनेलवर सावली आली की फटका पूर्ण ओळीला बसतो. सावली छोटी दिसते, नुकसान मोठं असतं.


भूगोल_ताई

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, दोन्ही गोष्टी बरोबर सांगितल्यात तिने. आणि त्या दोन्ही एकत्र कशा बसतात हा प्रश्न पडला, तो तर पुस्तकाच्या पुढचा आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, दरवर्षी निम्म्या वर्गाला (आणि पालकसभेत निम्म्या पालकांना) वाटत असतं की पृथ्वी सूर्यापासून लांब गेली की हिवाळा आणि जवळ आली की उन्हाळा.

आधी अंतराचा हिशोब संपवू. पृथ्वीची कक्षा अगदी किंचित लांबट आहे. जानेवारीच्या ३ ते ५ तारखेच्या आसपास आपण सूर्यापासून साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ कोटी २१ लाखांवर. फरक ५० लाख किलोमीटरचा, ऐकायला भयंकर, पण एकूण अंतराच्या मानाने तीन-साडेतीन टक्केच. आणि अंतरामुळेच ऋतू होत असते तर जानेवारीत सगळ्या जगाला एकदमच उन्हाळा नको का? ऑस्ट्रेलियात नाताळ भर उन्हाळ्यात असतो आणि त्याच दिवशी युरोपात बर्फ. सूर्य एकच, अंतर एकच, तारीख एकच.

आता आस. पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या सरळ उभ्या रेषेपासून २३.४ अंश कललेला आहे आणि महत्त्वाचं म्हणजे वर्षभर तो एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याकडे, रोखलेला असतो. पोरांना वाटतं की पृथ्वी जूनमध्ये इकडे वाकते आणि डिसेंबरात तिकडे वाकते. नाही. ती तशीच कललेली राहते, फक्त सूर्याभोवती फिरत पलीकडे जाते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि सहा महिन्यांनी तोच गोलार्ध सूर्यापासून पलीकडे झुकलेला.

झुकल्याने काय होतं ते रात्री घरी करून दाखवा. टॉर्च फरशीवर सरळ वरून मारा, छोटा झगझगीत गोल पडेल. आता तोच टॉर्च तेवढ्याच उंचीवरून तिरका धरा, गोल लांबट होईल आणि फिका पडेल. उजेड तेवढाच, पण जास्त जागेवर पसरला.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंशच वर येतो. डोक्यावर असताना सपाट जमिनीच्या एका तुकड्याला १०० भाग ऊन मिळत असेल तर त्या दिवशी दुपारी तेवढ्याच तुकड्याला ७३ मिळतं. वर दिवसही छोटा, नाशिकला जूनमध्ये सगळ्यात मोठा दिवस १३ तास २० मिनिटांच्या आसपास असतो आणि डिसेंबरात सगळ्यात छोटा ११ तासांनाही पाच मिनिटं कमी. तिरकं ऊन आणि तेही कमी वेळ, बास, झाला हिवाळा.


रोखठोक_नाशिककर

ताई सगळं पटलं, पण शेकोटीच्या जवळ सरकलं की धग जास्त लागतेच ना? ५० लाख किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं कसं म्हणता.


आकाशवेडा

लागते ना, आणि मोजताही येते. जुलैच्या मानाने जानेवारीत पृथ्वीला सूर्याकडून जवळजवळ ७ टक्के जास्त ऊर्जा मिळते, संपूर्ण पृथ्वीचा हिशोब धरून. ७ टक्के कमी नाहीत, पण ते कशाच्या समोर उभे आहेत ते बघा. ढग बाजूला ठेवले आणि नाशिकच्या अक्षांशासाठी तिरकेपणा, दिवसाची लांबी आणि अंतर असं तिन्ही धरून गणित केलं तर २२ डिसेंबरच्या पूर्ण दिवसात मिळणारं ऊन २१ जूनच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येतं. म्हणजे जवळ असल्याचा बोनस धरूनसुद्धा तिसरा हिस्सा गेला. आसाच्या कलाने नेलं पोतंभर आणि अंतराने परत दिलं मूठभर.

आणि हे उत्तरेकडे जाल तसं वाढत जातं. आपण उष्ण कटिबंधात असल्याने आपल्याला निम्माही हिवाळा मिळत नाही, तरी आपण माकडटोपी काढतो ते सोडा.

जवळ असण्याचा एक परिणाम मात्र आहे, तो कॅलेंडरमध्ये दिसतो. सूर्याजवळून जाताना पृथ्वी जोरात पळते, त्यामुळे आपलं थंडीचं अर्धवर्ष छोटं असतं. मार्चच्या विषुवदिनापासून (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत साधारण १८६ दिवस होतात आणि सप्टेंबर ते मार्च १७९. घरातल्या कुठल्याही कॅलेंडरवर मोजून बघा.


बागाईतदार_पिंपळगाव

थंडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. निफाडचा जो आकडा पेपरात येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो, नाशिक शहरापेक्षा तो बऱ्याचदा दोन-चार अंश खालीच असतो. कारण उघडं रान. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, उत्तरेकडून गार वारा आला आणि रात्री पडला की जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते, पहाटे चार ते सूर्य उगवेपर्यंत खरी परीक्षा. द्राक्ष त्या वेळेला कुठल्या अवस्थेत आहे त्यावर सगळं. मण्यात पाणी उतरायला लागलेलं असेल आणि रात्री पारा एकदम उतरला, दुपारी कडक ऊन पडलं की मणी तडकतो. मग पहाटे बागेत शेकोट्या करा, धूर करा, ड्रीप चालू करून मुळाशी पाणी सोडा, बोअरचं पाणी कोमट असतं त्याचा आधार होतो.

पण खरी गंमत ही की आमच्याकडची वेल झोपतच नाही. युरोपात थंडीत वेल पानं टाकते, झोपते, वसंतात फुटते, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडणी. तिथे ऋतू वेलीला हाकतो. आपल्याकडे तेवढी थंडी नाही त्यामुळे वेल बारमाही हिरवी, मग ऋतू आम्हाला कात्रीने करावा लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार करायला. ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी, फळासाठी. दोन छाटण्या, पीक मात्र एक. आणि एप्रिल छाटणीनंतर मे-जूनमध्ये त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या मोसमाचा घड आतल्या आत तयार होत असतो, त्याला उन्हाचा उजेड पाहिजे, त्या दिवसांत आभाळ जास्त राहिलं तर ऑक्टोबरात डोळा फुटतो पण घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, निघते. आम्हाला तेव्हा कळतं मेमध्ये काय झालं होतं ते.

धंदापण सगळा या कलण्यावरच आहे बघा. आपली द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपात जातात तेव्हा तिथल्या वेलींवर पान नसतं, म्हणून भाव. पण त्याच वेळी चिली, दक्षिण आफ्रिकेचा मालही बाजारात असतो, कारण त्यांचा तेव्हा उन्हाळा. पृथ्वी सरळ उभी असती तर काय केलं असतं कोण जाणे.


नुसतंच_वाचणारी

द्राक्षवाल्या दादांचा प्रतिसाद वाचून लॉगिन केलं. ‘ऋतू कात्रीने करावा लागतो’ हे भारी.

मला एक शंका आहे. २१ जूनला दिवस सगळ्यात मोठा, ऊन सगळ्यात जास्त, मग नाशिकला सगळ्यात तापतं एप्रिल-मेमध्ये का? जूनमध्ये तर पंखा बंद करून झोपतो आम्ही. आणि मग ‘ऑक्टोबर हीट’ हा काय प्रकार?


भूगोल_ताई

कारण आपल्याकडे कलाचा हिशोब पूर्ण व्हायच्या आत पाऊस येऊन तो मोडतो. कागदावर जून सगळ्यात तापायला पाहिजे, उत्तरेत जिथे पाऊस उशिरा पोचतो तिथे जूनमध्ये होरपळतातच लोक. आपल्याकडे जूनच्या मध्यापर्यंत ढग येतात, सूर्य बरोब्बर वर असतो पण मधे पडदा.

आणि हा पाऊसही कलाचाच पोरगा आहे हं. सूर्याची सरळ किरणं उत्तरेकडे सरकतात, मेमध्ये आपली जमीन भाजून निघते, समुद्र मात्र सावकाश तापतो. जमिनीवरची हवा वर जाते, तिथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचे वारे एरवी विषुववृत्तापाशी थांबतात ते आता ओलांडून अलीकडे येतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन नैऋत्येकडून आपल्यावर चाल करतात. पुढे सह्याद्री उभाच आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात येईपर्यंत तो ७००-च्या घरात आणि येवला-सिन्नरकडे अजून कमी. एकाच जिल्ह्यात! कसारा घाट चढताना खिडकी बंद करायची आणि सिन्नर फाट्याला उघडायची, हे सगळ्यांनी केलेलं आहे.

ऑक्टोबरात पाऊस परततो, ढगाचा पडदा निघतो, जमीन ओली असते, सूर्य अजून पुरता खाली गेलेला नसतो, त्यामुळे ते चिकट ऊन. म्हणजे आपल्याला वर्षातून दोनदा उन्हाळा, मधे पाऊस. पुस्तकातले युरोपछाप चार ऋतू आपल्या गच्चीवरून दिसत नाहीत ते याच्यामुळे.


अण्णा_पंचवटी

चार कुठले, आपले सहा आहेत. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर, दोन-दोन महिन्यांचे. चैत्र-वैशाख वसंत असं पाठ केलेलं आहे लहानपणी. आणि गच्ची_सिडको, तुमच्या सावलीचं उत्तर पंचांगात आहे. मकरसंक्रांतीला सूर्याचं उत्तरायण सुरू होतं, दिवस तिळातिळाने मोठा होतो, त्या दिवसापासून सावली मागे हटायला लागेल. थोडे दिवस कळ काढा. शेतकरी आजही सूर्याच्या नक्षत्रावरच चालतो, मृग लागला की पेरणीची तयारी, हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस, त्याला कुठलं अ‍ॅप लागत नाही.


आकाशवेडा

अण्णा, नमस्कार. मृग-हस्ताचं खरं आहे, ती सगळी सूर्याचीच नक्षत्रं आहेत, म्हणूनच तर दरवर्षी मृग ७-८ जूनलाच लागतो, तिथीसारखा मागेपुढे पळत नाही.

उत्तरायणाचं मात्र आभाळात वेगळं घडतं. सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचून माघारी फिरतो तो २१-२२ डिसेंबरलाच. संक्रांतीपर्यंत नाशिकचा दिवस सात-आठ मिनिटांनी वाढूनही झालेला असतो. (गंमत म्हणजे सकाळी तेव्हा उलट सहा-सात मिनिटं उशिरानेच उजाडतं, सगळी वाढ आणि वर तेवढी भर संध्याकाळच्या बाजूला जाते, म्हणून शाळेच्या बसला पोरं उठवताना कोणाला दिवस मोठा झाल्यासारखं वाटत नाही.)

साधारण सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि खरं उत्तरायण एकाच सुमाराला होतं. पण पृथ्वीचा आस स्वतःसुद्धा फार सावकाश गोल फिरतो, जवळपास २६ हजार वर्षांत एक फेरी. संक्रांत ठरते ताऱ्यांवरून आणि ऋतू ठरतात आसावरून, त्यामुळे दोघांत साधारण ७२ वर्षांना एक दिवसाचा फरक पडत जातो. एका माणसाच्या जन्मात एक दिवस, कोणाच्या लक्षात येणार. मृगाचंही तेच होणार, हजारो वर्षांनी मृग लागेल तेव्हा पाऊस येऊन जुना झालेला असेल. सरकारने २२ मार्च १९५७ पासून जी राष्ट्रीय दिनदर्शिका आणली तिच्यात चैत्राचा १ तारखेचा दिवस २२ मार्चला, लीप वर्षात २१ मार्चला, म्हणजे विषुवदिनाला चिकटवून ठेवलाय, तो असा सरकत नाही. वापरतं कोण म्हणा, आकाशवाणीवर तारीख सांगतात तेवढीच.


अण्णा_पंचवटी

हे ठाऊक आहे हो, सायन-निरयन वाद, म्हणजे पंचांग ऋतूंवरून मांडायचं की ताऱ्यांवरून, आमच्या आजोबांच्या वेळेपासून ऐकतोय. पण तिळगूळ २२ डिसेंबरला वाटा असं म्हणू नका म्हणजे झालं. येवल्याची पोरं पतंग घेऊन तुमच्या दारात येतील.


गच्ची_सिडको

बाप रे, एवढं सगळं. मुलीने टॉर्चचा प्रयोग केला, मग आईला, मग शेजारच्या काकूंना करून दाखवला. अंतराचं डोक्यात बसलं एकदम.

आता माझ्या गच्चीचं बोला ना कोणीतरी. माप देतो. जिन्याची खोली गच्चीपासून ८ फूट उंच, तिच्यावर टाकी, टाकीचं झाकण धरून १२ फूट. भिंतीपासून पॅनेलची पुढची कड ७ फुटांवर, आणि ती कड फरशीपासून १ फूट उचललेली आहे. तोंड बरोबर दक्षिणेला.


आकाशवेडा

वा, असं माप दिलं की बोलायला बरं वाटतं.

सूर्य किती सरकतो ते आधी. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास तो विषुववृत्तावर सरळ असतो, तेव्हा नाशिकला भर दुपारी डोक्यावरून २० अंश दक्षिणेला दिसतो. डिसेंबरात आणखी २३.४ अंश दक्षिणेला, म्हणजे डोक्यापासून ४३.४. जूनमध्ये तो आपल्या डोक्याच्याही पलीकडे, साडेतीन अंश उत्तरेला जातो. २० मेच्या आसपास एक दिवस आणि २३ जुलैच्या आसपास एक दिवस तो बरोब्बर डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या काठीची सावलीच पडत नाही. मेमधला दिवस बघायला मिळतो, जुलैमधला ढगात जातो. या दोन तारखांच्या मधे दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते, बऱ्याच लोकांना हे पटत नाही, १० फुटी खांबाची २१ जूनला दुपारी सातेक इंचांची सावली दक्षिणेकडे. उगवायची जागाही जून-डिसेंबरमध्ये मिळून ५० अंश सरकते, पूर्वेच्या डावीकडे २५ आणि उजवीकडे २५.

आणि दुपार म्हणजे घड्याळात १२ नाही बरं का. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि नाशिक पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या पुढेमागे. तुमच्या ग्राफचा माथा साडेबाराला होता तो उगाच नाही.

आता गच्ची. डिसेंबरच्या त्या दिवशी दुपारी सावली उंचीच्या ०.९५ पट असते, जवळपास जेवढी उंची तेवढीच. टाकी १२ फूट, पॅनेल १ फूट वर, म्हणजे हिशोबाची उंची ११. सावली पोचते साडेदहा फुटांवर. तुमची पॅनेल ७ वर सुरू होतात, म्हणजे पुढची ओळ साडेतीन फूट खोल सावलीत. मार्चअखेर हीच सावली भिंतीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास होती, म्हणून बसवणाऱ्याला ती दिसलीच नाही. भर दुपारची सावली ७ फुटांची रेघ ओलांडते ती साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि परत मागे जाईल फेब्रुवारीच्या मध्याला. दरवर्षी, न चुकता.

पण आता मुद्द्याचं. टाकी नसती तर? खोली ८ फूट, वजा १, ७ गुणिले ०.९५, साडेसहा फूट आणि थोडं. पॅनेल ७ वर. वाचलात! अपराधी खोली नाही, टाकी आहे. सकाळी-संध्याकाळी खोलीची तिरकी सावली कोपऱ्यावर येईलच, कारण त्या वेळी सावली उत्तरेकडेही जास्त पसरते, पण भर दुपारचा खड्डा जाईल.


इलेक्ट्रिक_भो

एक नंबर. पॅनेलचं स्ट्रक्चर हलवायचं म्हणजे सगळं खोलून फाउंडेशन परत, त्यापेक्षा टाकी उतरवणं स्वस्त. टाकी पॅनेलच्या उत्तरेला ठेवा, गच्चीच्या मागच्या बाजूला. तिकडे भर दुपारची सावली फक्त मे ते जुलै दक्षिणेकडे येते आणि तीही इंचात, त्यातले निम्मे दिवस ढग. टेन्शन नाही.

आणि थंडीतलं उत्पादन एकदम वाईट असतं असं समजू नका. पॅनेलला ऊन पाहिजे, उष्णता नको, तापलं की दर अंशामागे ०.३-०.४ टक्के कमी होत जातं. आणि तुमची दक्षिणेला कललेली आहेत, म्हणजे खाली उतरलेल्या सूर्याकडे तोंड करूनच बसली आहेत, ताईंचा तो ७३ चा हिशोब सपाट जमिनीचा होता. सावली नसेल तर निरभ्र डिसेंबर-जानेवारीत बरं निघतं. सगळ्यात वाईट जुलै-ऑगस्ट.


गच्ची_सिडको

टाकी! हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण टाकी खाली उतरवली की वरच्या मजल्यावर शॉवरला प्रेशर येणार नाही आणि त्याच्यावरून जे होईल ते कुठल्याच कलण्याने समजावता येणार नाही.


नुसतंच_वाचणारी

छोटा प्रेशर पंप लावा. आमच्याकडे आहे. सोलरवरच चालेल की.


आकाशवेडा

किंवा टाकीऐवजी बुटक्या रुंद टाक्या मिळतात, पण खोलीच्या वर काहीही ठेवलं तर गणित परत करा, तुमच्याकडे जेमतेम चार-पाच इंचांची सवड आहे. आणि काहीही करायच्या आधी २१ किंवा २२ डिसेंबरला साडेबाराच्या ठोक्याला वर जा, टाकीच्या आणि खोलीच्या सावलीच्या कडेवर खडूने रेघा मारा, नंतर त्यावर ऑइल पेंट फिरवा. दुपारी साडेबाराची वर्षातली सगळ्यात लांब सावली तीच. सकाळी दहाला आणि तीनला पण एकेक खूण करा म्हणजे कोपऱ्याचं कळेल. मुलीला घेऊन जा, शाळेच्या प्रकल्पाला आयतं होईल.


भूगोल_ताई

प्रकल्प केला तर मार्चमध्ये आणि जूनमध्ये पण खुणा करायला लावा तिला, तीच जागा, तीच वेळ. जूनची ढगामुळे हुकली तर मेअखेर करा. फोटो इथे टाका, माझ्या वर्गाला दाखवीन.


गच्ची_सिडको

नक्की. प्लंबरला फोन केलाय, रविवारी सकाळी येतो म्हणालाय, म्हणजे बुधवारपर्यंत येईल.